तीन पिवळ्या टोप्या

१

नकाशांचं भांडार सांभाळणारे नकाशेबुवा सापडले ते शेवटच्या मांडणीमागे, कुशीवर झोपलेले. हात उशाला, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या आणि उजव्या चपलेत ऐकू येण्यासाठीचं कानातलं यंत्र. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. आग लागली होती ती तिथून बरीच अलीकडे, हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राच्या वायरीला, आणि तिनं दोन जुन्या नकाशांच्या कडा तेवढ्या करपवल्या होत्या. ती विझवायला नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटला, खोली गच्च भरली आणि झोपलेले बुवा झोपेतच गेले. ही गुरुवार दुपारची गोष्ट.

शुक्रवारी सकाळी धाकटी त्या खोलीत उभी होती. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी घरात आणि धंद्यात ती धाकटीच. धंदा दोघांचा. धूर कुठून वर चढेल, गरम हवा कुठं साठेल याचा अंदाज घेऊन डिटेक्टरच्या जागा ती कागदावर आखायची आणि मोठा भाऊ शिडीवर चढून ते बसवायचा. भावाला गिऱ्हाइकंसुद्धा दादाच म्हणत. नकाशांच्या या भांडाराचं काम दोघांनी सहा महिन्यांपूर्वी केलं होतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात घेतलेलं आणि ती गेल्यावर पुरं केलेलं.

तेव्हापासून धाकटी बधिर होती. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं तिला सगळंच वाटे. बुवा जिथं पडले होते ती जागा पोलिसांनी खडूनं आखली होती. ती पाहून तिच्या मनात इतकंच आलं, की आपल्याला वाईट वाटायला हवं.

"मॅडम, तुम्ही मला एवढंच सांगा," भांडाराचे बडे साहेब म्हणाले, "हा गॅस सुटलाच कसा?"

प्रश्न बरोबर होता. छताला एका ओळीत सहा डिटेक्टर होते, तीन धुराचे आणि तीन उष्णतेचे, एकाआड एक. नुसत्या धुराच्या डिटेक्टरनं ओरडून गॅस सुटत नसे, फक्त घंटा वाजे. धुराच्या एकानं आणि उष्णतेच्या एकानं, दोघांनीही साक्ष दिली तरच तीस सेकंदांनी गॅस येई. कोणी आत विडी ओढली म्हणून माणूस गुदमरू नये, यासाठीच ही दोन साक्षीदारांची रीत.

यंत्रणेच्या पॅनेलनं छापलेली वेळांची पट्टी साहेबांच्या हातात होती. तीन नंबर, दोन अकरा. पाच नंबर, दोन चौदा. मग गॅस. आणि दाराशेजारी काचेच्या चौकटीत धाकटीचा आराखडा टांगला होता. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: एक, तीन, पाच धुराचे, दोन, चार, सहा उष्णतेचे.

म्हणजे साक्ष देणारे दोघंही धुराचेच. गॅस यायलाच नको होता.

"तुमच्या भावानं वायरी उलट्यासुलट्या जोडल्यात," साहेब म्हणाले. "सोमवारी अकराला चौकशी समिती बसतेय. माणूस मेलाय. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणार, आणि ते माझ्या डोक्यावर फुटू द्यायची माझी इच्छा नाही. लायसन्स तर जाईलच त्यांचं. तुरुंगही टळेल असं वाटत नाही."

"सोमवारपर्यंत मला खोलीत येऊ द्या," धाकटी म्हणाली.

२

मांडण्यांच्या वरच्या कप्प्यांसाठी भांडारात चाकांची शिडी होती. ती ढकलत धाकटी एकेका डिटेक्टरखाली गेली. धुराचा कोणता आणि उष्णतेचा कोणता हे खालून ओळखू येत नसे, सगळे जुळ्या भावंडांसारखे. मांडण्या इतक्या उंच होत्या, की मान मोडेपर्यंत वर पाहिल्याशिवाय काही नजरेला पडत नसे, आणि कुणी पाहतही नसे.

एक नंबर ठीक. दोन नंबरवर पिवळी टोपी.

कारखान्यातून डिटेक्टर येतो तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते. बसवून झालं, की ती काढायची. विसरला तर डिटेक्टर असून नसल्यासारखा. धूर शिरत नाही, गरम हवाही धड पोचत नाही. धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक ती हीच.

चार नंबरवर टोपी. सहा नंबरवर टोपी. तीन आणि पाच मोकळे.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या साहेबांना ती सांगावी लागली नाही. त्यांनी स्वतःच पाहिली. "वा! टोप्या काढायलाही विसरले तुमचे दादा!"

"विसरला नाही," धाकटी वरूनच म्हणाली. "काम सोपवताना सहाही डिटेक्टर तुमच्यासमोर वाजवून दाखवले होते. त्या कागदावर तुमची सही आहे. टोपी असती तर वाजले नसते. या टोप्या नंतर कुणीतरी चढवल्यात."

धाकटीनं टोपी जवळून पाहिली. एकदा काढलेली टोपी सैल होते, पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणून कुणीतरी तिला कडेनं पातळ कागदी चिकटपट्टी लावली होती, अगदी सरळ, एकही सुरकुती नाही.

मग ती पाच नंबरखाली आली, हात वर केला आणि डिटेक्टर फिरवून काढला. उलटा करून पाठ वाचली. पुन्हा वाचली.

आराखड्यात पाच नंबर धुराचा होता. हातातला डिटेक्टर उष्णतेचा होता.

तिनं चार नंबरही उतरवला. तो धुराचा निघाला. चार आणि पाच यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे गॅस कसा सुटला हे कोडं उरलं नाही: तीन नंबरनं धुराची साक्ष दिली, पाच नंबरनं उष्णतेची. यंत्रणा बिचारी बरोबर वागली. आणि ज्यानं आराखड्याविरुद्ध डिटेक्टर बसवले, तो तिचा सख्खा भाऊ अडकला.

३

"अदलाबदल ना? माझ्यासमोरच केली," एसी मिस्त्री शनिवारी म्हणाला. हवा कोरडी करणारं यंत्र त्यानंच बसवलेलं. "दादांनी डिटेक्टर बसवले त्याच्या आदल्या दिवशी मी ते मशीन ठेवलं, नेमकं चार नंबरच्या खाली. ते गरम हवा वर फेकतं. दादा वर चढले, हात धरून बघितला आणि म्हणाले, इथं उष्णतेचा बसवला तर रोज खोटा ओरडेल. मग चारचा पाचला, पाचचा चारला. बाई, शहाणपणाचंच काम केलं त्यांनी."

"आराखड्यात नोंद नाही केली."

"ते मला काय माहीत? खाली उतरले, फोन लावला कुणाला तरी. दोन वाक्यं बोलले आणि ठेवला."

"कुणाला?"

"आता मी काय त्यांचा कारकून आहे का?"

पहारेकऱ्याचे गुडघे गेलेले होते आणि जीभ शाबूत होती. "घंटा ऐकली तसा निघालो. पण गेटपासून इथवर मला चार मिनिटं लागतात. मी पोचलो तर दाराच्या काचेतून आत नुसतं पांढरं धुकं. अर्धं मिनिट आधी पोचलो असतो, तर बुवांना गदागदा हलवून उठवलं असतं."

"बुवा आत झोपतात हे माहीत होतं तुम्हाला?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मला माहीत होतं, त्यांच्या लेकीला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नाही."

"मग किल्ली का फिरवली नाही? दाराशी 'माणूस आत' अशी किल्ली आहे. ती फिरवली की गॅस येतच नाही."

"किल्ली फिरवली, की वर साहेबांच्या टेबलावर लाल दिवा लागतो. जेवणानंतर तासभर दिवा लागलेला दिसला असता, तर साहेब विचारणार नाहीत का, की बुवा, तासभर कोणता नकाशा शोधत होता? रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. अळीमिळी गुपचिळी."

"आणि छताला टोप्या कुणी घातल्या?"

"कसल्या टोप्या?" पहारेकरी खरोखरच बुचकळ्यात पडला. "ते वरचं गोल गोल काय असतं, मला आजवर कळलेलं नाही."

धाकटी दाराशी टांगलेल्या आपल्या आराखड्यासमोर बराच वेळ उभी राहिली. टोप्या दोन, चार आणि सहाला होत्या. खोलीतले उष्णतेचे डिटेक्टर दोन, पाच आणि सहा. कागदावरचे मात्र दोन, चार आणि सहाच. ज्यानं टोप्या घातल्या त्यानं कागदावर विसंबून घातल्या. दादानं घातल्या असत्या तर चारला हातही लावला नसता. तो सुटला.

दुसरं असं, की उष्णतेचे तिन्ही झाकले तर गॅस येत नाही, हे ज्याला समजलं त्याला गॅस नकोच होता. आग लावायला किंवा बुवांना मारायला आलेल्या माणसानं असं कशाला केलं असतं? आत कुणीतरी असतं हे ठाऊक असलेल्या आणि त्याची काळजी करणाऱ्या माणसाचं हे काम. बुवांची झोप दोघांना ठाऊक होती. त्यातल्या एकाला वरचे गोल कशाचे हेच कळत नव्हतं. आणि या इमारतीत पातळ कागदी पट्टी एकाही सुरकुतीशिवाय कुणाला लावता येते, हे विचारायचीही गरज नव्हती.

४

बुवांची लेक त्याच कचेरीत जुन्या नकाशांच्या नकला काढायची. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर मूळ नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, आणि तो सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांना कागदी पट्ट्या. बाप जाऊन दोन दिवस झाले होते आणि ती कामावर आली होती. घरी काय करू, असं ती धाकटीनं न विचारताच म्हणाली.

धाकटीनं चार नंबरची टोपी टेबलावर ठेवली. खालच्या उजेडात ती पिवळीधमक दिसू लागली.

लेकीनं लेखणी खाली ठेवली. "माझ्यामुळे गेले ना बाबा?"

"कधी लावल्या?"

"महिना झाला. गेल्या महिन्यात वीज गेली आणि पॅनेल उगाच ओरडलं, तेव्हा मी घाबरले. उद्या असंच ओरडलं आणि गॅस सुटला तर? टोप्या तुमच्या दादांनी कपाटातच ठेवल्या होत्या, डब्यात घालून. दाराजवळचा आराखडा वाचला. उष्णतेचे तीन बंद केले, की गॅस येणार नाही, पण धुराचे चालू राहतील, घंटा वाजेल. बरोबर होतं ना ते?" ती एका सुरात बोलत होती, जशी कुणा दुसऱ्याची हकिकत सांगत असावी. "आयुष्यभर रोज नकाशे वाचत आलेय मी. एवढासा आराखडा वाचताना काय चुकलं माझं?"

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. पण ते दिलं, तर पुढचा प्रश्न दादाबद्दल येणार होता, आणि त्याचं उत्तर अजून तिच्याजवळ नव्हतं.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली आणि टोपी तिथंच विसरून निघाली.

५

दादा गुरुवारपासून आईच्या खोलीत खिडकीशी बसून होता. ताट पुढं ठेवलं की दोन घास खायचा, उचललं की पाणी प्यायचा. हा माणूस एरवी शिडीवरून शेजारच्या छतावरल्या गवंड्यालाही सल्ले द्यायचा.

"चार-पाच बदललेस ते बरोबर केलंस," धाकटी समोर बसत म्हणाली. "मिस्त्रीनं सांगितलं. कळवलं कुणाला?"

"नाही."

"तू फोन केला होतास."

"गिऱ्हाइकाला केला असेल. आठवत नाही."

"तुला? तुला बावीस वर्षांपूर्वी कुठल्या गोदामात कितव्या स्क्रूचे आटे गेले होते तेही आठवतं."

धाकटी उठली, त्याची कामाची पिशवी उघडली आणि वही काढली. दादा रोजचं रोज लिहायचा: काय बसवलं, काय बदललं, कुणाला सांगितलं. भांडाराच्या कामाची पानं तिनं काढली. तेरा तारीख होती, चौदा-पंधरा कोरी. मग सतरा. सोळाचं पान शिवणीजवळ व्यवस्थित फाडलेलं.

दादा वहीचं पान फाडायचा नाही. चुकलं तरी एक रेघ मारून खाली पुन्हा लिहायचा, आणि तिलाही तेच शिकवलं होतं. ती फाटक्या कडेवरून बोट फिरवत बसली आणि पहिल्यापासून एकेक पायरी उतरू लागली.

सोळाला अदलाबदल झाली. ती त्या पानावर असणार. कशासाठी केली तेही असणार. म्हणजे ते पान समितीसमोर ठेवलं असतं तर दादाच वाचला असता. स्वतःला वाचवणारं पान माणूस फाडतो तेव्हा त्या पानावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतं. आणि जगात असं कोण होतं, ज्याच्यासाठी दादा तुरुंगात जायला तयार झाला असता? आई तर नव्हतीच आता.

सोळा तारीख. आई जाऊन तिसरा दिवस. दादा म्हणाला होता, काम अर्धवट टाकता येत नाही, जाऊन येतो. ती घरी आईची लुगडी घड्या घालून पेटीत ठेवत होती. फोन वाजला होता का? त्या आठवड्यात सारखाच वाजत होता. ती सगळ्यांना एकच सांगत होती: हो. हो, करते. हो, कळलं.

"तू मला सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आराखडा दुरुस्त कर म्हणून. आणि मी हो म्हणाले."

दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुला शुद्ध नव्हती तेव्हा. चूक माझी. मी घरी आल्यावर पुन्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मलाही शुद्ध नव्हती."

"पान कुठंय?"

"जाळलं. आता कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. तू गप्प राहा. माझी दोनच वर्षं राहिलीत कामाची, तुझी वीस आहेत."

धाकटीनं त्याचं ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि घासून पालथं घातलं. रडू येईल म्हणून ती ओट्यापाशी उभी राहिली. आलं नाही.

६

सोमवारी साडेदहाला ती लेकीच्या टेबलापाशी आली. हातात अहवाल होता, दीड पानांचा. तिनं तो तोंडीच सांगितला, कारण वाचून दाखवणं तिला जमलं नसतं.

"तुम्ही आराखडा बरोबर वाचलात. आराखडाच चूक होता. चार आणि पाच यांची जागा बदलली होती आणि कागदावर ती दुरुस्ती झाली नाही. दुरुस्त केला असता, तर तुमच्या टोप्या पाचला लागल्या असत्या, चारला नाही. मग गुरुवारी नुसती घंटा वाजली असती, गॅस आला नसता आणि पहारेकऱ्यानं येऊन बुवांना उठवलं असतं."

"वाचले असते?"

"वाचले असते. तुमच्या टोप्यांनी त्यांना मारलं नाही. तुम्ही टोप्या लावल्याच नसत्या तरीही गॅस आलाच असता."

"आराखडा कुणी काढला?"

"मी. आणि बदल मला कळवला होता. मी हो म्हणून विसरले."

लेकीच्या चेहऱ्यावर राग येईल, अशी धाकटी वाट पाहत होती. तो आला असता तर बरंही वाटलं असतं.

"टोप्या लावल्या त्या दिवशी मी बाबांना सांगितलं," लेक हळूच म्हणाली. "म्हटलं, आता गॅस येणार नाही, निर्धास्त राहा. त्याआधी ते दारापाशी खुर्चीतच डुलकी घ्यायचे. यंत्र कानातच असायचं. मी सांगितल्यावर आत जाऊन आडवे व्हायला लागले. कानातलं काढून." तिनं टेबलाच्या काचेवरची एक पट्टी नखानं सोडवली आणि पुन्हा लावली. "हे तुमच्या अहवालात नाही."

सगळा हिशेब मांडून धाकटी आली होती, आणि एवढी एकच गोष्ट तिच्या हिशेबाबाहेर राहिली होती. ती बाकावर बसली.

"तुम्ही त्यांना निर्धास्त केलंत ते माझ्या कागदावर विसंबून," ती म्हणाली. "हेही लिहिते. पण तुमचं नाव घालत नाही."

"घाला," लेक म्हणाली. "टोप्या मी लावल्या, हे मीच सांगणार आहे. चला."

दोघी जिना चढून वर गेल्या. समितीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अकरा वाजायला अजून दहा मिनिटं होती, पण आत काम सुरू झालेलं दिसत होतं. साहेबांचा आवाज आला, "म्हणजे डिटेक्टरच्या जागा बदलल्याचं तुम्ही कुणालाही कळवलं नाही?"

"नाही साहेब," आतून दादा म्हणाला. शिडीवरून बोलावा तसा, खणखणीत. "कुणालाही नाही. बहिणीलाही नाही. तिला आजही ठाऊक नाही."

सहा महिन्यांत धाकटीला काही लागलं नव्हतं, दुखलं नव्हतं; आता सगळं एकदम दुखलं, आईसुद्धा. तिनं दार ढकललं. चार माणसं मान वर करून तिच्याकडे पाहू लागली. समोरच्या एकट्या खुर्चीत दादा बसला होता, धुतलेला सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. आवाज फुटला, तरी तिनं तो थांबवला नाही. "दादा, ऊठ. तिथं मी बसायचंय."